दोन मुक्कामांचं गाव

५ सप्टेंबर

लेकीनं बजावलंय, बाबा, रोज लिहा. रोज लिहिण्यासारखं काही घडत नसतं, हे तिला अजून कळायचंय. चौतीस वर्षं मी बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या. तिथं रोज लिहावं लागायचं, कारण रजेसाठी रोज कुणाची तरी सासू आजारी पडायची. इथं आम्ही दोघंच.

तरी लिहितो. एकसष्ट आणि अठ्ठावन्न वयाची दोन माणसं पाठीवर सॅक लावून सहा महिन्यांसाठी एकमेकांना लागून असलेले चार परके देश फिरायला का निघालीत, ते आधी लिहून ठेवतो. नाहीतर पुढं वाचताना माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

एप्रिलमध्ये ही चष्म्याच्या दुकानातून रिटायर झाली. सव्वीस वर्षं फ्रेममध्ये काचा बसवायचं काम केलं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मला आता एकटीनं राहून बघायचंय." मी विचारलं, कुठं आणि किती दिवस? तर म्हणे ते ठरवलेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. एकतीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही, शेजारीपाजारी साक्ष देतील. मी पीत नाही, आवाज चढवत नाही, हिला कधी कुठल्या गोष्टीची काळजी करू दिली नाही. मग घोडं पेंड खातंय कुठं? विचारलं की म्हणते, तुमचं काही चुकलं नाही हो. चुकलं नाही तर मग काय, हे कुणी मला सांगेल का?

लेक आणि जावई लग्नानंतर असेच सॅक लावून हिंडले होते. तोडगा तिनंच काढला. आई, घर मोडायच्या आधी दोघं एकदा घराबाहेर पडून बघा. ही म्हणाली, ठीक आहे, सहा महिने. पाच मार्चला काय ते सांगते. म्हणजे मला पाच मार्चपर्यंत मुदत आहे. मी लगेच कामाला लागलो. सहा महिन्यांचा चार्ट केला. तारीख, गाव, मुक्काम, गाडी सुटण्याची वेळ, आणि शेवटी दोघांच्या कामांचे दोन रकाने. हिला दाखवला. "छान आहे," म्हणाली. सुरुवात तरी चांगली झाली म्हणायची.

१३ सप्टेंबर

पहिल्या देशात आठ दिवस झाले. चार्टापेक्षा फक्त पंचवीस मिनिटं मागं आहोत, तीही एका ड्रायव्हरनं वाटेत टायर बदलला म्हणून.

हॉस्टेलात एका खोलीत सहा माणसं, वर-खाली बेड. हिचे गुडघे दुखतात म्हणून मी खालचा बेड हिच्यासाठी धरून ठेवला. ही हातपाय धुऊन आली, शिडी चढली आणि वरच्या बेडवर जाऊन बसली. मी म्हटलं, अगं, गुडघे? तर म्हणते, "गुडघे माझेच आहेत ना?" समोरची दोन तरुण पोरं हसली. त्यांना आमची भाषा येत नाही, तरी हसली.

जेवायला गेलो की मी दोघांचं सांगतो. हिला तिखट सोसत नाही, दूध पचत नाही, हे वेटरला समजावण्यात अर्धा वेळ जातो. आज ही मध्येच पदार्थांच्या फळ्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून वेटरकडे बघत बसली. काय लिहिलंय ते हिला तरी कुठं वाचता येतंय? मी तिचं नेहमीचं सांगून टाकलं, भात आणि उकडलेल्या भाज्या. तिनं मुकाट्यानं खाल्लं. ताटात काही टाकलं नाही, म्हणजे आवडलं असणार.

२ ऑक्टोबर

आज पहिली सरहद्द पायी ओलांडली. इकडच्या खिडकीतून बाहेर, मधे दोनशे पावलं कुणाचीच नसलेली जमीन, मग तिकडची खिडकी. दोघांचे पासपोर्ट माझ्याकडेच, कापडी पिशवीत, गळ्यात.

तिकडच्या खिडकीत एक जाडजूड अधिकारी होता. त्यानं हिला काहीतरी विचारलं. मी मागून उत्तर दिलं. त्यानं पुन्हा तिलाच विचारलं. मी पुन्हा सांगितलं, शिवाय चार्ट काढून काचेला लावला. तेव्हा तो खुर्चीतून उठला, जमिनीवरच्या पिवळ्या रेघेकडं बोट केलं आणि मला त्या रेघेमागं उभं केलं, वर्गाबाहेर काढावं तसं. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता.

ही खिडकीपाशी चांगली चार-पाच मिनिटं होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत काय काय बोलत होती. एकदा तर दोघं हसलीसुद्धा. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारत होता?

"कुठं कुठं जाणार म्हणून विचारलं."

"मग?"

"अजून माहीत नाही म्हटलं."

माहीत नाही? माझ्या खिशात तारीखवार चार्ट असताना? वर तो अधिकारी हिला म्हणाला म्हणे, छान, मजा करा. अशा उत्तरावर शिक्का मिळत असेल तर माणसानं तयारी करायचीच कशाला!

ही मात्र दिवसभर खुशीत होती. मीही म्हटलं, चला, हिला सरहद्दी आवडतात. अजून दोन आहेत.

२५ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. सगळं वेळेवर चाललं होतं, म्हणून.

हिला एक नवीनच नाद लागलाय. नवीन कसला म्हणा, जुनाच, पण इथं येऊन उफाळून आलाय. वाकडा चष्मा दिसला की हिचा हात शिवशिवतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, गाडीत, कपडे धुवायच्या ठिकाणी, कुठंही. समोरच्यापुढं सरळ हात पसरते, तो माणूस गोंधळून चष्मा काढून देतो. मग ही पर्समधून बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढते, काडी आवळते, नाकावरचे पॅड दाबते आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर चढवते. परक्या पुरुषांच्यासुद्धा. मी एकदा म्हटलं, आपण फिरायला आलोय, दुकान काढायला नाही. त्यावर काही बोलली नाही. पटलं असावं.

पण आज सकाळी उठलो तर वरचा बेड रिकामा. चिठ्ठी नाही, काही नाही. चार्टमध्ये नऊ वाजता संग्रहालय होतं. मी साडेनऊपर्यंत दारात उभा राहिलो. मग बाजार पालथा घातला, मग स्टँडवर जाऊन बसलो, कारण चुकलेलं माणूस शेवटी स्टँडवरच येतं असा माझा अनुभव आहे. ही आली नाही.  बारा वाजता हॉस्टेलवर परतलो तर ही अंगणात ऊन खात, केस सोडून बसलेली. नदीपर्यंत चालून आले म्हणाली. मी विचारलं, सांगून का नाही गेलीस? तर माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता."

यात राग कुठं होता ते मला शोधून सापडेना. आवाज तर अगदी मऊ होता. मला भीती वाटली होती, एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, मला नाही वाटली.

१५ नोव्हेंबर

तिसरा देश. चार्टमध्ये या गावाला दोनच मुक्काम दिले होते, कारण बघण्यासारखं काहीच नाही. पुढची गाडी इथून सुटते म्हणून थांबायचं. आलो आणि कळलं की पुढचा पूल दुरुस्तीला काढलाय. दोन आठवडे तरी गाड्या बंद. डेपोत मी असतो तर दुसऱ्या रस्त्यानं वळवल्या असत्या. इथं तिकिटाच्या खिडकीतला माणूस खांदे उडवतो आणि चहा पितो.

त्यात मी स्वतःच्याच चष्म्यावर बसलो. एक काडी निखळली, स्क्रू कुठं गेला देव जाणे.

गावात चष्म्याचं एकच दुकान. तीन पायऱ्या, काचेचं दार, आत लांबट काउंटर, भिंतीवर नंबर काढायचा तक्ता. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, अंगात निळा एप्रन. चष्मा हातात घेतला, स्क्रू शोधला आणि चिमट्यात धरला. चिमटा थरथरायला लागला. स्क्रू एकदा पडला, दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हात काउंटरखाली घेतला आणि आमच्याकडं बघून ओशाळवाणं हसल्या.

मी म्हणणार होतो, राहू द्या, पुढच्या गावी बघू. पण ही काउंटरची फळी उचलून आत गेली सुद्धा. आपल्या घरात जावं तशी. चिमटा घेतला, एका दमात स्क्रू बसवला, काडी जरा गरम करून वाकवली आणि चष्मा माझ्या नाकावर चढवला. मालकीणबाईंनी तो पुन्हा काढून घेतला, उजेडाकडं धरला, दोन्ही काड्या टेबलावर टेकवून बघितल्या. मग आतून दोन स्टुलं आणली आणि दोन्ही काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवली. मी बाहेर उभाच.

१९ नोव्हेंबर

ही रोज सकाळी दुकानात जाते आणि संध्याकाळी येते. पैसे नाहीत, पगार नाही, त्या बाई दुपारी सूप आणि ब्रेड देतात तेवढंच. आमच्या घराकडं म्हणच आहे, रिकामा सुतार कुल्ले ताशी. मी म्हटलं, अगं, सुट्टीवर आहोत. म्हणाली, "हो, म्हणून तर."

मी आज खिडकीबाहेरून बघितलं. बाई नंबर काढतात, ही यंत्रावर काच घासते, फ्रेममध्ये बसवते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी सतत बोलत असतात, ही मराठीत आणि त्या त्यांच्या बोलीत, आणि मधेच दोघी एवढ्या हसतात की बाईंना एप्रननं डोळे पुसावे लागतात. कशाला हसत असतील? मी आत गेलो की दोघी थांबतात आणि मला स्टूल देतात.

एकतीस वर्षांत घरी ही एवढी कधी बोलली नाही. मला वाटायचं, स्वभावच मितभाषी आहे.

२६ नोव्हेंबर

पूल परवा उघडतोय. सुटलो एकदाचे.

आज दुपारी मी खोलीत एकटाच असताना दारावर टकटक झाली. चष्मेवाल्या बाई. एप्रन काढून, केस विंचरून, चांगला कोट घालून आलेल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि भाषांतर करणारा फोन पुढं धरला. त्या बोलायच्या, फोन मराठीत सांगायचा. त्यांचं म्हणणं असं की माझे हात आता चालत नाहीत. दुकान बंद करणार होते. तुमच्या पत्नीसारखा हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. त्या तीन महिने इथं राहतील का? दुकानामागं एक खोली आहे, खिडकी बागेकडं उघडते. पगारही देईन. त्यांना अजून विचारलेलं नाही. नवराबायकोच्या प्रवासात लुडबूड नको, म्हणून आधी तुम्हाला विचारते. तुमची हरकत नसेल तर उद्या त्यांना विचारीन.

मी त्यांना नीट समजावलं. म्हटलं, तुमचा मान राखतो, पण आमची तिकिटं काढून झालीत, पुढचे मुक्काम ठरलेत. आणि मुख्य म्हणजे, तिला विचारू नका. तिला कुणाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही विचारलंत तर बिचारी कात्रीत सापडेल. तुमचं मन मोडायचं तिच्या जिवावर येईल आणि उगाच रात्रभर जागेल. बाईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मान हलवली, हात मिळवला आणि गेल्या.

हिला सांगितलं नाही. कशाला त्रास? नवरा म्हणून एवढं तर केलंच पाहिजे.

२८ नोव्हेंबर

निघालो. गाडी दहाची होती, ही सातलाच दुकानात गेली. मी साडेनऊला सॅका घेऊन पोचलो तर ही काउंटर पुसत होती. पुसलेलं पुन्हा पुसत होती. बाई समोर उभ्या. दोघी काहीच बोलत नव्हत्या, त्या दोघी, ज्या इतके दिवस एक मिनिट गप्प बसल्या नाहीत. ही दारापर्यंत आली, परत फिरली, काहीतरी विसरलं म्हणून आत गेली, हात हलवत परत आली. मी घड्याळ दाखवलं. बाईंनी हिला मिठी मारली आणि माझ्याशी हात मिळवला नाही. राहून गेलं असेल.

गाडीत ही डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती.

३ डिसेंबर

चौथा देश. समुद्रकाठ. हा चार्टमधला सगळ्यात चांगला टप्पा, हिला समुद्र आवडतो म्हणून मुद्दाम दहा दिवस दिलेत. निदान मला तरी वाटायचं की आवडतो.

आज वाळूत बसलो असताना ही आपणहून बोलली. मी लिहून ठेवतो, जसंच्या तसं.

"बाई एकदा तरी विचारतील असं वाटलं होतं मला."

मी म्हटलं, काय?

"राहतेस का म्हणून. रोज वाटायचं, आज विचारतील. शेवटच्या दिवशी तर खात्रीच होती. मी आपली मुद्दाम रेंगाळत होते." मग हसली, पण ते हसू खरं नव्हतं. "माझाच हात आता तेवढा राहिला नसेल. मला म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलत असतील."

मी विचारलं, आणि विचारलं असतं तर? 

"तर राहिले असते," ती म्हणाली.

मग वाळू झटकून उठली.  मला वाटलं होतं, हिला नाही म्हणता येत नाही. हिला तर हो म्हणायचं होतं.

६ डिसेंबर

तीन दिवस डोकं चालत नाही. माझं चुकलं का? मी तर तिच्या भल्यासाठीच. बरं, चुकलं असं धरलं, तर आता सांगावं का? सांगितलं तर ही परत तिकडं जाईल, आणि पाच मार्चचं उत्तर आजच मिळेल. नाही सांगितलं तर ही माझ्याबरोबर घरी येईल. आता तर नक्की येईल, कारण तिकडं कुणाला आपण नको होतो असं तिनं धरलंय. म्हणजे मी काही न करता जिंकतोय. मग घास का उतरत नाही?

लेकीला फोन केला. सरळ कसं विचारणार? म्हटलं, डेपोतली एक जुनी गोष्ट आठवली. एका ड्रायव्हरला दुसऱ्या डेपोनं बोलावलं होतं. ड्युटी लावणाऱ्या माणसानं त्याला न विचारताच, तो येणार नाही असं कळवून टाकलं, त्याच्या सोयीसाठी. आता त्या ड्रायव्हरला सांगावं का?

लेक म्हणाली, "बाबा, तो ड्रायव्हर आई आहे का?"

मी म्हटलं, रेंज जातेय, नंतर बोलू.

९ डिसेंबर

आज न्याहारीच्या टेबलावर समोर एक म्हातारा येऊन बसला. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, काच नाकाच्या शेंड्यावर. ब्रेडला लोणी लावताना दोनदा चष्मा बशीत पडला. मी हिच्याकडं बघितलं. म्हटलं, आता हात पुढं करेल. हिनं त्याच्याकडं पाहिलं, नजर खाली घेतली आणि चहा पीत राहिली.

मी म्हटलं, अगं, त्याचा चष्मा.

"असेल इथं कुणीतरी चांगल्या हाताचा माणूस," ती म्हणाली.

सव्वीस वर्षं हिनं तेच काम केलं होतं. ते मी दोन मिनिटांत, खुर्चीवर बसल्या बसल्या, तिच्या हातातून काढून घेतलं होतं. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ही कांदा चिरत होती, आम्ही दोघंच होतो. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाई आल्या होत्या. विचारायला आल्या होत्या. मीच नाही म्हटलं, आणि तुला विचारू नका असंही मीच सांगितलं.

हिनं सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता एकतीस वर्षांचं एकदम निघणार. भिंतीला टेकून उभा राहिलो.

"काय म्हणाल्या त्या? शब्द न् शब्द सांगा."

मी सांगितलं. हात, चाळीस वर्षं, दुकानामागची खोली.

"चाळीस म्हणाल्या?"

"हो. चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही म्हणाल्या."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा असा होत गेला की मी तो याआधी फक्त त्या दुकानाच्या काचेतून पाहिला होता. तिसऱ्यांदा सांगायला लावलं. बागेकडची खिडकी मी विसरलो होतो, तीही आठवून सांगितली. मग तिनं राहिलेला कांदा चिरला, भाजी केली, आणि दोनदा वाढून घेतली. इतक्या दिवसांत दोनदा वाढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, माझ्यावर रागावलीस?

"हो. फार," ती म्हणाली. "पण आत्ता त्याला वेळ नाही. सकाळची गाडी किती वाजता आहे?"

१० डिसेंबर

गाडी आठ-चाळीसची. चार्ट न बघता सांगितली, एवढाच माझा उपयोग.

हिनं पासपोर्ट मागून घेतला. तिकिटाच्या रांगेत मी जातो म्हटलं, तर नको म्हणाली, स्वतः उभी राहिली. मी बाजूला दोन सॅका धरून. पुढं सात माणसं होती. सहा झाली, पाच झाली. मला काहीतरी बोलायचं होतं आणि काय ते कळत नव्हतं. ड्युटी लावायची मला सवय. 'आपण असं करू' हे माझ्या तोंडात तयारच असतं. ते गिळलं. तीन माणसं उरली तेव्हा जवळ गेलो.

"मी येऊ का?"

तिनं वळून बघितलं. "हे विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का आलं ते मला खरंच कळलं नाही. प्रश्न तर साधा होता.

"मग विचार करून सांगते," ती म्हणाली.

मी विचारलं, किती दिवसांत? म्हणाली, तेही माहीत नाही. तेवढ्यात खिडकी आली. तिनं तिकिटवाल्याला एक बोट दाखवलं.

१८ डिसेंबर

आठ दिवस झाले. ही सुखरूप पोचली, एवढा निरोप आला. त्यानंतर काही नाही. मी फोन करत नाही. दोनदा हातात घेतला आणि ठेवला.

काल एका माणसाचा चार्ट करून बघितला. पहिल्या रकान्यात माझी कामं लिहिली. उठणे, चहा, चालणे, जेवण. दुसरा रकाना रिकामा ठेवला. मग कागद फाडला. हॉटेलात वेटर उभा राहतो आणि मला काय हवं ते मला सांगता येत नाही. भात आणि उकडलेल्या भाज्या मागवल्या. कसलीच चव नाही त्याला. हे असलं ही तीन महिने खात होती?

दोऱ्यानं चष्मा बांधलेला तो म्हातारा अजून इथंच आहे. आज त्यानं मला खुणेनं विचारलं, तुमची बायको कुठं गेली? मी खुणेनं स्क्रू आवळून दाखवला आणि लांब बोट केलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं माझी पाठ थोपटली.

२ जानेवारी

फोन आला. दुपारी, मी कपडे वाळत घालत असताना. मागं यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि बाईंचं हसणं.

खोली लहान आहे म्हणाली. सकाळी ऊन येतं. कामाला वेग आलाय. बाई आता फक्त नंबर काढतात. मी हो हो म्हणत राहिलो. मग ती थांबली, आणि म्हणाली, "या. पण पाहुणे म्हणून या. चार दिवस."

"आणि नंतर?"

"नंतरचं पाच मार्चला सांगते म्हटलंय ना?"

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?  आनंद झाला की आणखी काय, कळलं नाही. चार दिवस म्हणजे थोडे की खूप, तेही कळेना.

उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं. आणि मग वाटलं, पाहुणा रिकाम्या हातानं कसा जाईल? आजवर कुणाकडं जाताना काय न्यायचं ते हीच बघायची, मी फक्त पिशवी धरायचो. स्टँडसमोर एक मोठं दुकान आहे, त्यात गेलो. कापडं, साबण, सुकामेवा, फुलदाण्या, काय वाटेल ते. दुकानदार भला माणूस. त्यानं फोन पुढं धरला. मी सांगितलं, बायकोकडं पाहुणा म्हणून चाललोय, काहीतरी चांगलं द्या.

त्यानं फोनमधून विचारलं, "त्यांना काय आवडतं?"

मी काउंटरपाशी उभा राहिलो. समुद्र म्हणणार होतो, पण तो माझाच अंदाज होता. भात म्हणणार होतो. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. दुकानदारानं पुन्हा विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं.

मी म्हटलं, "तिला विचारून सांगतो."